काढेवाल्याचं तेल

इंधनावर संशोधन करणाऱ्या संस्थेत तिला सगळे थेंबबाई म्हणायचे आणि त्याला काढेवाला. दोघांचं लग्न ठरलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, आता काढा थेंबाथेंबाने मिळणार. विनोद काही फार चांगला नव्हता, पण टिकला. पुढे दोघांनाही त्याची इतकी सवय झाली की घरीसुद्धा ती त्याला लाडात आली की काढेवाले म्हणायची, आणि चिडली की जरा जास्तच गोड आवाजात काढेवाले म्हणायची.

त्याचं काम संस्थेच्या मागच्या शेडमध्ये चाले. लाकडाचा भुसा, बागेतल्या छाटलेल्या फांद्या, सुतारांकडचा कीस असलं काहीही आणायचं, हवा न लागू देता ते झटकन तापवायचं आणि निघालेली वाफ लगेच थंड करायची. मग खालच्या भांड्यात गडद तपकिरी तेल जमा व्हायचं. त्याला धुराचा आणि आंबट असा मिळून एक वास यायचा. तो वास त्याच्या शर्टांना, केसांना, गाडीच्या सीटला, अगदी घराच्या किल्ल्यांनाही चिकटला होता. पण हे तेल बॉयलरमध्ये जाळता येईल, असं तो छातीठोकपणे सांगे.

तिचं काम वरच्या मजल्यावर, एका काळोख्या खोलीत. कुठलंही तेल जळतं म्हणजे खरं तर त्याची वाफ जळते, तेव्हा आधी वाफ कशी होते ते बघायला हवं. ती केसाएवढ्या बारीक तारेवर तेलाचा एकच थेंब लटकवायची, त्याच्याभोवती छोटी भट्टी सरकवायची आणि कॅमेऱ्याने त्याचं चित्रण करायची. डोळ्याची पापणी लवायच्या आत जे घडून जातं, ते पडद्यावर सावकाश, निवांत बघता यायचं. डिझेलचा थेंब गुणी मुलासारखा. गुपचूप लहान लहान होत जायचा आणि नाहीसा व्हायचा. नवऱ्याच्या तेलाचा थेंब तसा नव्हता.

तिसरी व्यक्ती म्हणजे तिच्या सासूबाई. आयुष्यभर पायाच्या मशीनवर शिवणकाम करून त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते. इस्पितळाच्या आवारात गरम पाण्याचा एक तलाव होता. गुडघे, कंबर, खांदे असलं काही धरलेली माणसं तिथे पाण्यात चालायला यायची. सासूबाई त्या तलावावर बेहद्द खूश होत्या. पाण्यात उतरलं की वजनच वाटत नाही, म्हणायच्या, बाहेर आलं की पुन्हा सगळा संसार अंगावर येतो. तिथल्या डॉक्टरीणबाई, पाण्यात गाणी म्हणणारे एक निवृत्त हेडमास्तर आणि बॉयलर सांभाळणारे बॉयलरभाऊ, एवढी मंडळी त्यांच्या बोलण्यात रोज असायची.

त्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की इंधन परवडत नाही, थंडीत तलाव बंद ठेवावा लागेल. सासूबाईंनी घरी येऊन ही बातमी अशा चेहऱ्याने सांगितली की मुलगा हातातला घास ठेवून म्हणाला, "आई, तुझा तलाव मी गरम करतो."

"तू?"

"माझं तेल. बॉयलर तोच, फक्त बर्नरमध्ये थोडा बदल करायचा."

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट सगळ्या तलावाला कळली. हेडमास्तरांनी पाण्यातच उभं राहून टाळ्या वाजवल्या म्हणे.

तेल तलावावरच्या टाकीत जाऊन पडलं. चाचणीचा दिवस जवळ आला, तेव्हा थेंबबाईने नवऱ्याला वरच्या खोलीत बोलावलं.

"बस. हे बघ आणि चिडू नकोस."

"असं म्हटलं की माणूस आधीच चिडतो."

पडद्यावर तपकिरी थेंब लटकत होता. तो हळूहळू तापायला लागला. "इथपर्यंत ठीक आहे," ती म्हणाली. "आधी पाणी जातंय, पाठोपाठ हलकं हलकं सगळं जातंय. आता बघ."

थेंब फुगला. पोटात बुडबुडा धरून टम्म झाला, फट्कन फुटला, थरथरला, पुन्हा फुगला. रुसलेल्या मुलासारखा त्याचा गाल कधी इकडे, कधी तिकडे. शेवटी तारेवर एक काळा, खडबडीत मणी उरला आणि तो काही केल्या जाईना.

"हा कोळसा," ती म्हणाली. "उडायचं ते उडालं, उरलेलं आपसांत चिकटून बसलं. हे बर्नरच्या तोंडाशी साचलं तर?"

तो मण्याजवळ वाकला. मग म्हणाला, "तुझ्या तारेमुळे."

"तारेने काय केलं?"

"तारेवर थेंब मोठा असतो आणि सावकाश तापतो. सावकाश तापला की हे असं होणारच. बर्नरमधून उडतो तो थेंब धुक्यातल्या कणाएवढा, सुटा, एकदम आगीत जाणारा. त्याला चिकटत बसायला वेळ कुठे असतो? तुझी तार माझ्या तेलाला उगाच बदनाम करते."

"तार कशाला बदनाम करेल? तिला बोलता येत नाही."

"तुला येतं ना."

त्याचं म्हणणं निम्मं खरं होतं, हे तिला कळत होतं. आणि निम्म्या खऱ्या माणसाशी भांडणं फार जड जातं.

घरी अबोला सुरू झाला. जेवताना मीठसुद्धा दोघं सासूबाईंमार्फत मागायला लागले. "आई, जरा मीठ द्यायला सांगता का?" असं ती म्हणे, आणि मीठ नवऱ्याच्या कोपराशी असे. सासूबाई इकडचं मीठ तिकडे करायच्या आणि मनात काळजी करायच्या. मुलगा एकदा जेवता जेवता स्वतःशीच पुटपुटला होता की थंडी वाढली, तेल दाटलं तर वाहायचं नाही. ते त्यांनी नीट ऐकून ठेवलं होतं.

चाचणीच्या सकाळी तलावावर सगळे जमले. पाण्यात हेडमास्तर आणि आणखी चार-पाच मंडळी होती. सासूबाई मधोमध, मुलाकडे तोंड करून. बॉयलरभाऊंनी आधी नेहमीच्या इंधनावर आग पेटवली, मग नवऱ्याने झडप फिरवली आणि तेल बर्नरमध्ये सोडलं. काचेच्या छोट्या खिडकीतून ज्योत दिसली. पिवळी, जाड, जरा दम लागल्यासारखी. तो हसला. बॉयलर खोकला. ज्योत एका बाजूला कलंडली, काळा धूर सुटला आणि सगळं विझलं.

पुन्हा पेटवलं, पुन्हा विझलं. तिसऱ्यांदा तर ज्योत आलीच नाही. बर्नरचं तोंड उघडलं तेव्हा आतली बारीक भोकं डांबरासारख्या काळ्या लगद्याने गच्च भरली होती.

पाणी निवत चाललं. एकेक जण काकडत, टॉवेल गुंडाळत बाहेर आला. हेडमास्तर दात वाजवत म्हणाले, "प्रयोग म्हटला की असं व्हायचंच. मी शाळेत एकदा आगगाडी बनवायला घेतली होती, ती अजून निघायची आहे." कुणी हसलं नाही, तेव्हा ते स्वतःच हसले.

नवरा बर्नरचं तोंड हातात घेऊन उभा होता. बॉयलरभाऊ त्याच्याजवळ गेले आणि कानाशी काहीतरी बोलले. त्याने मान हलवली आणि हळूच काहीतरी उत्तर दिलं.

थेंबबाई त्याच्याकडे आली. मी म्हटलं नव्हतं का, हे चार शब्द तिच्या जिभेवर येऊन उभे होते. तिने ते गिळले. पर्समधून रुमाल काढला आणि त्याच्या नाकावरची काजळी पुसली.

"वर थोडं राहिलंय," तो म्हणाला.

तिने वरचंही पुसलं. अबोला तिथे संपला. मीठ त्या दिवसापासून थेट मिळायला लागलं.

पण सासूबाई गप्प झाल्या. दुपारी सून वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होती, तेव्हा त्या चादरीचं दुसरं टोक धरायला आल्या.

"सूनबाई, एक विचारू? तेल थंडीत दाटतं ना?"

"हो, आई."

"मग त्याला ऊब दिली तर ते सुटं राहणार. बरोबर?"

तिचे हात थांबले. "कुणी दिली ऊब?"

सासूबाईंनी चादरीचं टोक आणखी घट्ट धरलं. "टाकीला हीटर आहे म्हणाले बॉयलरभाऊ. मी म्हटलं, लावून ठेवा. माझ्या लेकाचं तेल थंडीत कुडकुडायला नको. थंडी पडली तेव्हापासून चालूच होता. त्यांना वाटलं, मुलानेच निरोप पाठवलाय."

"अहो आई..."

"वाईट झालं का गं फार?"

सून खाली बसली. मग तिला हसू आलं, आणि हसताना डोळ्यात पाणीही आलं. आपल्या मुलाच्या तेलाला पांघरूण घालणारी आई तिने आजवर पाहिली नव्हती.

"आई, डिझेल कोमट ठेवलं तर कोमट डिझेल मिळतं. ह्या तेलाचं तसं नाही. ते लाकडातून आलंय, त्यात शेकडो पदार्थ आहेत आणि सगळे एकमेकांकडे डोळे लावून बसलेले. बराच काळ उबेत राहिले की ते एकमेकांचे हात धरत जातात. मग उडून जायला सुटं कुणी उरतच नाही. सगळा लगदा होतो."

"म्हणजे मीच घात केला."

"तुम्ही माया केलीत."

"एकूण एकच," सासूबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "त्याला सांगू नकोस. तो रागावणार नाही. उलट मलाच समजावत बसेल, आई तुझी काही चूक नाही म्हणून. ते मला नको."

सुनेने कबूल केलं. पण गप्प बसून तेल सुधारणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती तलावाच्या टाकीतलं तेल घेऊन आली आणि शेडमधल्या थंड कपाटात ठेवलेलं ताजं तेलही. दोन्हींचे थेंब तिने पाळीपाळीने तारेवर लटकवले. ताज्या थेंबाने जाताना लहानसा मणी ठेवला. टाकीतला थेंब नुसता फुगला, फुसफुसला आणि जवळजवळ सगळाच्या सगळा तिथेच बसून राहिला, जागा सोडायला तयार नसलेल्या पाहुण्यासारखा.

एवढ्यावर तिचं मन भरलं नाही. तारेचा विषय अजून बाकी होता. शेजारच्या खोलीत एक उंच, आतून तापवायची नळी धूळ खात पडली होती. तिने ती साफ केली आणि वरच्या टोकाने ताज्या तेलाचे अगदी बारीक थेंब मोकळे सोडले. ना तार, ना कशाचा आधार. पडता पडता झटक्यात तापायचे. खाली बशीत काय जमतं ते बघितलं. जमलं होतं ते फुंकर मारली तर उडेल इतकं हलकं आणि थोडं: आतून पोकळ, बारीक काळी टरफलं.

ती जिना उतरून थेट शेडमध्ये गेली. नवरा पिंपांच्या मध्ये स्टुलावर बसला होता आणि भुशाच्या पोत्याकडे असा बघत होता, जणू पोत्यानेच त्याला दगा दिला.

"काढेवाले, चला. तार हरली."

"काय?"

"निम्मी हरली. तुझं म्हणणं खरं आहे, सुटा आणि बारीक थेंब झटक्यात तापला तर जवळजवळ सगळा उडतो. आणि माझंही खरं आहे, थोडं मागे राहतंच."

तो उठला. "आणि तलावावर जे झालं ते?"

"ते तेल खूप दिवस उबेत होतं. टाकीचा हीटर चालू होता."

हीटर कुणी लावला, हा प्रश्न आता येणार म्हणून ती मनातल्या मनात उत्तर जुळवत होती. तो प्रश्न आलाच नाही. तो म्हणाला, "मग टाकी थंडच ठेवायची. तापवायचं ते बर्नरच्या अगदी तोंडाशी, क्षणभर."

"थंड ठेवलं तर दाटेल."

"पातळ करायला काहीतरी घालू." दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि एकदमच म्हणाले, "इथेनॉल."

मग ती दोघं वरच्या खोलीत खांद्याला खांदा लावून बसली. ताज्या तेलात तिने थोडं इथेनॉल मिसळलं आणि थेंब तारेवर लटकवला. भट्टी सरकली. पडद्यावर थेंब तापू लागला. तो नेहमीसारखा फुगला, पण रुसायला थांबला नाही. आतलं इथेनॉल आधी उकळलं आणि त्या जोराने अख्खा थेंब फुटून कणाकणांत चहूकडे उधळला. त्यातला एकेक कण जाता जाता आणखी लहान झाला. तारेवर जवळपास काहीच उरलं नाही.

नवऱ्याने तिचा दंड इतका आवळला की तिला दुखलं. "पुन्हा दाखव."

तिने पुन्हा दाखवलं. "पुन्हा." तिने पुन्हा दाखवलं. लग्नाच्या फोटोंचा अल्बमसुद्धा त्याने कधी इतक्यांदा बघितला नव्हता, असं ती म्हणाली. तो म्हणाला, अल्बममध्ये काही फुटत नाही.

दुसऱ्या चाचणीची तयारी आठवडाभर चालली. टाकी धुऊन काढली, हीटरची वायरच काढून टाकली. बर्नरच्या आधी हातभर पाइप तापता राहील अशी सोय केली. आग आधी नेहमीच्या इंधनावर चांगली भडकू द्यायची, आतल्या भिंती लाल झाल्या की मगच तेल सोडायचं आणि काम संपलं की बर्नर इथेनॉलने धुवायचा, असं ठरलं. बॉयलरभाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. सासूबाईंनी फक्त एक शंका विचारली.

"तेलाला दारू पाजणार?"

"थोडीच, आई," मुलगा म्हणाला.

"थोडीच म्हणूनच सुरू होतं सगळं."

त्या सकाळी तलावाचं पाणी जेमतेम कोमट होतं. तरी मंडळी हट्टाने आत उतरली होती. डॉक्टरीणबाई हात बांधून कडेला उभ्या होत्या. नवऱ्याने झडपेवर हात ठेवला, तेवढ्यात पाण्यातून आवाज आला, "थांब जरा."

सासूबाई छातीभर पाण्यात उभ्या होत्या. "सगळे आहेत तोवर सांगून टाकते. मागच्या वेळी तेल ह्याचं वाईट नव्हतं. टाकीचा हीटर मी लावायला सांगितला होता. बॉयलरभाऊंचा दोष नाही, माझ्या लेकाचा नाही, सुनेचा तर मुळीच नाही. ती बिचारी माझ्यासाठी तोंड शिवून बसली होती."

हेडमास्तर गाणं अर्धवट सोडून बघत राहिले.

नवरा म्हणाला, "आई, मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. बॉयलरभाऊंनी मला तिथेच सांगितलं, तुमच्या आईंनी आणलेल्या निरोपाप्रमाणे टाकी उबदार ठेवली होती म्हणून. मीच त्यांना म्हटलं, कुणाला बोलू नका."

थेंबबाई त्याच्याकडे वळली. "आणि मला? मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू आईची बाजू घेतली असतीस, मग आईला कळलं असतं की मला कळलंय." तो जरा ओशाळला. "तू हीटरचं बोललीस तेव्हा मला वाटलं, तो कुणी लावला ते तुला माहीत नाहीये. मग मी तो विषयच टाळला."

"आणि मला वाटलं, तुला माहीत नाहीये!"

"म्हणजे तुम्ही दोघं मला जपत होतात?" सासूबाईंनी पाण्यावर हात आपटला. "आणि मी इकडे रात्रंदिवस कुढतेय! अरे, जपायचं तर जरा मोठ्याने जपा!"

बॉयलरभाऊ एवढ्या वेळात पहिल्यांदाच बोलले. "आग तयार आहे. सोडायचं का?"

नवऱ्याने झडप फिरवली. खिडकीतली ज्योत क्षणभर थरकली. थेंबबाईने आपल्याही नकळत त्याचा हात धरला. मग ज्योत सावरली, पांढुरकी पिवळी झाली आणि एकसारख्या घरघरीने जळू लागली. बॉयलरभाऊंनी कान बॉयलरकडे लावला, मान डोलावली, आणि पाठीमागची खुर्ची ओढून बसले. ते बसले म्हणजे बॉयलर ठीक आहे, हे तलावावर सगळ्यांना ठाऊक होतं.

पाणी लगेच तापलं नाही. दुपार कलायला लागली तेव्हा कुठे त्यावर धूसर वाफ दिसू लागली. डॉक्टरीणबाईंनी पाण्यात हात घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला, आणि म्हणाल्या, "थंडी संपेपर्यंत चालवा."

थंडीभर ते चाललं. अगदी सुरळीत नाही. बर्नर दोनदा तुंबला आणि एकदा लाकूड ओलं निघाल्यामुळे तेल इतकं पाणचट झालं की ज्योत सारखी खोकत होती. आवारात कायम धुराचा आंबट वास भरून असायचा. हेडमास्तरांनी तक्रार केली की त्यांचा टॉवेल आता भाजल्यासारखा वास मारतो आणि घरची मांजर त्यांच्यापासून दूर बसते. पण ते एक दिवसही चुकले नाहीत. बॉयलरभाऊ रोज संध्याकाळी बर्नर धुवायचे आणि इथेनॉलची बाटली कुलपात ठेवायचे. किल्ली सासूबाईंकडे द्यायचे, तलावावर एवढ्या विश्वासाचं दुसरं कुणी नाही म्हणून.

थंडीच्या शेवटी शेवटी एका दुपारी थेंबबाई सासूबाईंना घ्यायला आली. नवरा आधीच येऊन कडेला पाय पाण्यात सोडून बसला होता. ती त्याच्या शेजारी बसली आणि तिनेही पाय आत सोडले. समोर सासूबाई पाण्यातून चालत होत्या. कठडा हाताशी होता, पण त्यांनी तो धरला नव्हता. हेडमास्तरांच्या गाण्याला चुकीच्या जागी दाद देत, हात मोकळे सोडून, त्या पलीकडच्या टोकापर्यंत गेल्या आणि वळून परत यायला लागल्या.